मंगळवार-शुक्रवारची बोट

"लोकसंख्या?" केयाने विचारलं.

"हिवाळ्याआधी सेहेचाळीस. आता एक्केचाळीस."

"मग पाच जण कुठे गेले?"

"गेले," फोनवर आजोबा म्हणाले. "पुढचा प्रश्न."

केयाने वहीत लिहिलं, स्थलांतर.

शनिवारी सकाळी साडेअकराचा हा फोन ठरलेला होता. नववीच्या भूगोलासाठी प्रत्येकाने जगातलं एक गाव घ्यायचं होतं. शॉमबर्गमधल्या तिच्या वर्गातली बाकीची पोरं बिचारी नेटवरून कॉपी करत होती, आणि केयाकडे चक्क गावात राहणारा माणूस होता. श्रीरंग आजोबा. भूमध्य समुद्रातल्या एका छोट्याशा बेटावर.

आजी असताना दोघं तिथे एकदा सुट्टीला गेले होते. तेव्हापासून ‘शेवटी इथेच येऊन राहणार’ हे आजोबांचं चालूच होतं. मग आजी गेली. मागच्या ऑक्टोबरमध्ये केया बँडच्या ट्रिपवरून परत आली, तर आजोबांची खोली रिकामी. निरोपसुद्धा न घेता निघून गेले होते. मराठी मंडळातले काका-काकू म्हणायचे, काय नशीबवान माणूस. केयाला मात्र अजून राग होता. थोडासाच.

"व्हिडिओ लावा ना, आजोबा. मला समुद्र बघायचाय."

"गावात कुठलं आलंय नेटवर्क, बाई. तुझी इकॉनॉमी राहिली."

"हां. गावाचं उत्पन्न काय?"

"केपर म्हणून एक झुडूप असतं, त्याच्या कळ्या खारवून विकतात. पण ते नावाला. खरं तर बाहेर गेलेल्या मुलांच्या पैशांवर गाव चालतं. परवा तर गारांनी त्या कळ्याही झोडपल्या."

"इथेपण पडल्या, सेम!" केयाने खिडकीतून पाहिलं. आई ड्राइव्हवेमध्ये गाडीवरच्या पोच्यांचे फोटो काढत होती, इन्शुरन्ससाठी.

"जग लहान झालंय," आजोबा म्हणाले. "तुझा बाबा कुठाय?"

"ऑफिस. नवा बॉस, नवं रिलीज. आधी आठवड्यातून दोनदा जिमला तरी जायचा, तेही बंद. पोट बघा त्याचं."

"बघेन कधीतरी. विचार पुढे."

दुकान एकच, रोज तासभर उघडणारं. बिस्किटं आणि पोस्टाची तिकिटं. शाळा नाही, कारण पोरंच नाहीत. रस्ताही एकच, धक्क्यापासून चर्चपर्यंत, दोन्ही बाजूंना कठडे. एकशेवीस पावलं. आजोबांनी मोजली होती.

"आणि बाहेरून सामान कसं येतं?"

"बोट येते. मंगळवारी आणि शुक्रवारी, पाचच्या सुमाराला. संत्री, औषधं, घरच्या बातम्या, सगळं तीच आणते."

"म्हणजे काल आली असेल."

"नाही. तीन आठवडे झाले. समुद्र खवळलेला असतो गं. बोटीचा काय दोष त्यात?"

"यार, आजोबा. मग तुम्ही लोक करता काय?"

"इस्त्रीचा शर्ट घालून धक्क्यावर बसतो. जेवायची घंटा होईपर्यंत. मग आत जातो."

तेवढ्यात मागे घंटा वाजलीच. केयाने मनात सात-आठ तास मिळवले. बरोबर, तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ. "जेवून घ्या," ती म्हणाली. "आणि शुक्रवारी चार वाजता माझं प्रेझेंटेशन आहे. तुम्ही हवे होतात."

"मी आहेच की," आजोबा म्हणाले.

शुक्रवारी बाबा आला. सत्यजित कुलकर्णी, मीटिंग कॅन्सल करून, शेवटच्या रांगेत, फोन चक्क खिशात. मागच्या वर्षी केया वर्गासमोर सगळं कागदावरून वाचायची. आज तिने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. बिस्किटं आणि तिकिटांवर सगळे हसले. मुलांच्या पैशांवर टीचरनी मान डोलावली. मग शेवटची स्लाइड. बोट, तीन आठवडे, इस्त्रीचे शर्ट, घंटा.

"दे जस्ट सिट देअर," केया म्हणाली.

टाळ्या वाजल्या तेव्हा शेवटच्या रांगेतली खुर्ची रिकामी होती.

बाबा पार्किंगमध्ये गाडीत बसलेला होता. केया धाडकन दार लावून आत बसली.

"कॉल आला होता ना? पाच मिनिटं थांबता आलं नाही तुला?"

"आज शुक्रवार ना?" बाबाने विचारलं.

"मग काय बुधवार?"

त्याने गाडी सुरू केली. घराचं वळण मागे पडलं. लायब्ररी गेली, पोस्ट ऑफिस गेलं. आठ मिनिटांनी गाडी एका बैठ्या, पांढऱ्या इमारतीसमोर थांबली. काचेच्या दारातून लांबच लांब कॉरिडॉर दिसत होता, दोन्ही बाजूंना लाकडी कठडे. दाराबाहेर एक बाक होता. बाबा पुढे झाला, केया गुंडाळलेला नकाशा घेऊन त्याच्या पाठीमागे.

बाकावरचा इस्त्रीच्या शर्टातला म्हातारा हळूहळू उठून उभा राहिला.

"ये, सत्या," आजोबा म्हणाले. "आज समुद्र शांत दिसतोय."