निमंत्रक
अंजलीने पुनावळ्यात फ्लॅट घेतला, तेव्हा आईने, कस्तुराबाईंनी, एकच हट्ट धरला: गृहप्रवेशाची पत्रिका बाबांच्याच कॉम्प्युटरवर व्हावी. काळेवाडीत पत्रिका छापणारे बाबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. जुन्या कॉम्प्युटरवरचं विंडोज सुरूच होईना, म्हणून अंजलीने बाबांच्या फायली न पुसता त्यावर लिनक्स ही दुसरी सिस्टिम टाकली. बाबांची ‘गृहप्रवेश’ नावाची जुनी फाईल नमुना म्हणून उघडली, तर मराठीऐवजी नुसत्या खुणा दिसल्या. “आई, यात बाबांचा फॉन्ट नाहीये.” कस्तुराबाईंनी कपाटातून ‘अक्षरं’ असं लिहिलेली नवऱ्याची सीडी काढली. कॉम्प्युटरचा अडकलेला सीडीचा ट्रे अंजलीने केसांतल्या पिनेने उघडला, फॉन्ट घातला. खुणांची अक्षरं झाली. ती पत्रिका गिऱ्हाइकाची नव्हती. आयुष्यभर भाड्याने राहिलेल्या बाबांनी स्वतःच्या घरासाठी करून ठेवली होती. पत्ता मोकळा, निमंत्रक: कस्तुरा आणि विलास. अंजलीने पत्ता भरला. “बाबा आता नाहीत, तर त्यांच्या नावाआधी ‘कालकथित’ घालू?” आई हळूच म्हणाली, “नको गं. आमंत्रण तेच देतायत.”