आईला पाठवलेला फोटो

बसमध्ये बसल्याबसल्या बुरुलने आईला स्वतःचा फोटो पाठवला. लगेच अनोळखी नंबरवरून मेसेज आला, 'हिरवा कोट शोभतोय. कोचकोरच्या थांब्यावर न्यायला येतोय.' फोटो तर फक्त आईला गेला होता! गेल्याच महिन्यात तिच्या मैत्रिणीला असंच गाडीत कोंबून नेलं, लग्नही लावून टाकलं होतं. शेजारच्या म्हातारीने मेसेज वाचून ड्रायव्हरला बजावलं, "बाळा, कोचकोरला थांबू नकोस! मेले पोरीला पळवायला टपलेत." थांब्यावर एक कार दारं उघडून उभी होती, एका बाईच्या हातात नवरीच्या डोक्याला बांधायचा पांढरा रुमाल होता. बस सुसाट पुढे गेली. "गाडीशेजारचा माणूस ओळखीचा का गं?" म्हातारीने विचारलं. "आपा, त्याच्याकडेच परवा मोबाईल दुरुस्तीला दिला होता. पासवर्डसकट. घरचा पत्ताही त्यात आहे." "म्हणजे तुझ्या फोनमधलं सगळं त्याला दिसतंय!" म्हातारीने तिचा फोन बंद केला, स्वतःचा पुढे केला. "आईला सांग, दार लावून घे."