चाकाखालचं लिंबू

"ओढेल की!" हणमंताने वडिलांच्या साठ सालच्या मोटारीच्या टपावर थाप मारली. मागच्या ट्रेलरवर उसाचा लोखंडी चरक चढवला होता आणि जत्रेला जायचं तर घाट उतरायचा होता.

"ओढेल हो, पण उतारावर थांबवेल का?" शालन आठ दिवस नवऱ्याला हेच विचारत होती. दर वेळी त्याला नेमकं दुसरं काम आठवायचं, आणि तिच्या मनात पाल चुकचुकायची.

आज पूजेआधी तिने त्याला हँडब्रेक दोनदा ओढायला लावला, चाकांपुढे लिंबं ठेवली. तो नारळ आणायला घरात गेला. अंगणाला फाटकाकडे जरासा उतार होता. ओवाळायला वाकलेली शालन थबकली. मोटारीत कोणी नव्हतं, इंजिन बंद होतं, तरी पुढचं लिंबू हळूहळू चपटं होत होतं. तिने ताट टाकून चाकापुढे दगड सरकवला.

"अगं, लिंबू आत्ताच कोणी चिरडलं?" हणमंत नारळ घेऊन दारातच थांबला.

"तुमच्या ट्रेलरनं, मागून ढकलून," म्हणत शालनने मोटारीची किल्ली कमरेला खोचली. "आणा तो नारळ इकडे. चटणी वाटते."