थेंबांची वाट

साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी मला रोज सकाळी तासभर चालायला सांगितलं. महिनाभर मी इमानेइतबारे बूट घालून घराबाहेर पडत होतो, त्यामुळे बायको माझ्यावर खूश होती.

काल गाडीखाली तेलाचं थारोळं दिसलं, तेव्हा तिनेच मेकॅनिकला बोलावलं.

"वहिनी, ऑइलचा पाइप फाटलाय. गाडी रोज जाते त्या रस्त्यावर थेंब सापडतील बघा."

"गाडी महिनाभर जागची हललेली नाही," असं म्हणत ती फाटकाबाहेर गेली आणि थेंब बघत चालू लागली. मी तिच्या मागे. थेंब बेकरीच्या दाराशी संपले. तिथला डाग चांगला परातीएवढा होता.

घरी येऊन माझ्याकडे न बघता ती मेकॅनिकला म्हणाली,


"ऑइल लागेल तेवढं भरा. पाइप मात्र बदलू नका."