जीपचा रोटर

रोटर पुन्हा गायब होता.

निलेशने इंजिनातल्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण हातात धरून दोनदा आत डोकावून पाहिलं. बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, पण तो नसला की ठिणगी नाही. आणि ठिणगी नाही म्हणजे ही मिलिटरीची जुनी जीप नुसतं चार चाकांवरचं कपाट.

"बाबा, इथे कोण आलं होतं?"

गुणाजी शेजारीच खुर्चीत बसले होते. सकाळी त्यांना खाली आणून बसवायचं, अंधार पडायच्या आत वर न्यायचं, असा रिवाजच पडला होता.

"मी कोणाक हात लावूक देऊक नाय," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

गुणाजींनी तरुणपणी सैन्यात अशाच जीपा चालवल्या होत्या. नंतर विक्रोळीच्या कारखान्यात ड्रायव्हरकी केली. निवृत्त झाले आणि विसरायला लागले. आधी रस्ते गेले, मग माणसं. शेवटी एकुलत्या एक मुलाचं नावही गेलं. जुन्या वस्तू दाखवत राहा, असं डॉक्टर म्हणाले. निलेशने काय करावं? भंगारातून जीपच उचलून आणली आणि नाहूरला बिल्डिंगच्या आवारात उभी केली.

तेव्हापासून घरातले सगळे रविवार जीपचे झाले. निलेश विटकी टोपी आणि तेलकट बनियन घालून इंजिनात डोकं खुपसायचा. त्याची बायको अनुपमा पॉलिश पेपरने गंज घासायची. मुलगी श्रुतिकाने आजोबांच्या फोटोत बघून बॉनेटवर त्यांच्या गाडीचा नंबर रंगवला, तोही इतका झकास की वॉचमन सलाम ठोकून गेला.

"मला नाही ओळखलं तरी चालेल," निलेश म्हणायचा, "जीप तरी ओळखू देत."

हे अर्थातच खोटं होतं. आज जीप ओळखली तर उद्या आपला नंबर लागेल, या एकाच आशेवर तो नटबोल्ट पिळत होता.

गंमत अशी की आठवडाभर बाप-लेकाचं छान जमायचं. निलेश ऑफिसातून आला की गुणाजी त्याला "साहेब" म्हणायचे, त्याच्या हातून पेज प्यायचे, बर्फातल्या रस्त्यांच्या गोष्टी सांगायचे. गाडी सोडून लांब जायचं नाही, झोपायचं तेही गाडीपाशी, हा सैन्यातला नियम तर रोज ऐकवायचे. रविवारी मात्र तोंडाला कुलूप. निलेशने दिलेल्या चहाला ते हात लावत नसत. छातीवरचा खिसा तेवढा चाचपत बसत. खिशात श्रुतिकाने दिलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या.

"पेट्रोलचा वास सहन होत नसेल रे त्यांना," अनुपमा समजूत घालायची.

सोसायटीचे सेक्रेटरी राजेश दर महिन्याला आठवण द्यायचे, "निलेश, बंद गाडी आवारात ठेवता येत नाही. चालू कर, मग खुशाल ठेव. दसऱ्यापर्यंत थांबतो. पुढे माझ्या हातात नाही."

आणि दर वेळी तोच एक तुकडा नाहीसा व्हायचा. बॅटरीला कोणी शिवत नव्हतं, स्टेपनीला नाही. निलेशने जुन्या बाजारात हिंडून हिंडून नवा रोटर आणावा, आणि तो चार दिवसांत उडावा. हे चोराचं काम नाही, ज्याला जीप इथून घालवायचीय त्याचं आहे, असं त्याच्या मनाने घेतलं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी बाजारात उरलेला शेवटचा रोटर बसला. निलेशने स्टार्टर दाबला. जीप खोकली, थरथरली आणि धडधडायला लागली. श्रुतिका नाचायलाच लागली. आणि गुणाजी कोणाच्या आधाराशिवाय खुर्चीतून उठले! नजर जीपवर खिळली होती.

"ओळखलं गं, अनु! ओळखलं!" निलेश लहान मुलासारखा रडला. मग सगळे हात धुवायला वर गेले. गुणाजी काही केल्या वर येईनात, खालीच बसून राहिले. तास-दीड तासाने त्यांना अनुपमा घेऊन आली.

दसऱ्याला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. सगळी बिल्डिंग बघायला जमली. स्टार्टर नुसता कण्हत राहिला. रोटर नव्हता.

निलेशने सगळ्यांदेखत राजेशची कॉलर धरली. "काय मिळालं तुला? माझा बाप होता रे त्या गाडीत!"

राजेशनी कॉलर सोडवून घेतली. मुदत मात्र वाढवली नाही.

दोन दिवसांनी सकाळी जीप उचलून न्यायला ट्रक आला. निलेश इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात ओळखपत्र अडकवून ऑफिसला निघाला होता. तो तसाच बापाच्या खुर्चीशेजारी उभा राहिला. साखळ्या लागल्या. जीप पुढून उचलली गेली आणि हारासकट फाटकाबाहेर पडली. आता काही म्हणजे काहीच उरलं नव्हतं. त्याला वडिलांकडे बघवेना.

गुणाजींनी त्याची बाही ओढली. त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका निवांत होता.

"साहेब, रिकव्हरीवाले इले, बरा झाला. आता गाडी युनिटात पोचतली."

त्यांनी छातीवरचा खिसा उघडला आणि निलेशच्या तळहातावर रिकामा केला. पेपरमिंटच्या दोन गोळ्या पडल्या आणि एकापाठोपाठ एक सगळे रोटर.

"ह्या जमा करून घ्या. गाडी सोडून जाताना ह्या काढून खिशात ठेवूचा, म्हणजे कोण पळवूक शकणा नाय." मग त्यांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "दर रविवारी एक टोपीवालो येता, साहेब. पाने-पक्कड घेऊन. कोणाक संशय येव नये म्हणान बायको-पोरीक पण आणता. माका चाय देता, गोड बोलता. त्याका वाटता, ह्या म्हाताऱ्याक काय कळणा नाय."