अठरापासून

व्हीलचेअरमुळे लपंडावात राज्य कायम रोझामावशींवरच असायचं. त्र्याण्णव वर्षांच्या त्या शेजारीणबाई डोळे झाकून मोजायच्या, पण थेट अठरापासून. "दॅट्स चीटिंग!" रेवा रोज करवादायची. रेवाची आजी कुमुदिनी जन्मभर मेंदूची डॉक्टर. मावशींची मेमरी गेली, असं निदान ती मनातल्या मनात करून मोकळी झाली होती.

एका रविवारी तिने हळूच म्हटलं, "मावशी, एक ते सतरा म्हणून दाखवता?"

"मेमरी शाबूत आहे, डॉक्टर. लहानपणी पोलंडमध्ये, युद्धात आम्ही हेच खेळत होतो. मी लाकडांच्या ढिगामागे लपले होते. माझ्या मैत्रिणीवर, झोशावर राज्य होतं, ती भिंतीकडे तोंड करून मोजत होती. तेवढ्यात नाझी शिपाई आले. 'ती ज्यू पोरगी कुठाय?' म्हणत त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने तिचे दात पाडले. ती रक्त थुंकत मोजतच राहिली. मग त्यांनी तिच्या डोक्यात गोळी घातली."

झाडामागून रेवा ओरडली, "रोझाआजी, स्टार्ट फ्रॉम वन!"

मावशींनी डोळे झाकले.



"सतरापर्यंत झोशाने मोजलंय, बाळा."