थोरला एस, धाकटा एस

पंप चालवणाऱ्या प्रोग्रामची फाइल जागेवर होती. नावही तेच होतं. तिने ती उघडली आणि वरपासून खालपर्यंत पाहिली.

दादाने लिहिलेली एकही टीप आत नव्हती. त्याने ठेवलेली नावंही गेली होती, त्यांच्या जागी नुसते आकडे. हे असं का, ते तसं का, ओळीओळीशेजारी त्याने लिहून ठेवलेलं सगळं धुऊन पुसून साफ. यंत्राला त्याचं सोयरसुतक नव्हतं. टेबलावरचा औषधाचा पंप थेंब सोडत होता, मधेच थांबत होता, पुन्हा सोडत होता. ते थांबणं कशासाठी, हेच तर तिला शोधायचं होतं. असले पंप हॉस्पिटलात तान्ह्या बाळांच्या उशाशी होते. उद्या प्रोग्रामची दुरुस्ती पोचली नाही तर ते सगळे पंप परत येणार होते, आणि चुकीची पोचली तर विचारायलाच नको.

दादा गमतीने म्हणायचा, "नावाच्या शेवटी इंग्रजी मोठा एस असलेली फाइल म्हणजे थोरला. तो माणसाने लिहायचा. छोट्या एसची म्हणजे धाकटा, तो यंत्र थोरल्यातून काढतं. धाकटा पुसला तरी पुन्हा होतो. तुझ्यासारखा, कितीही पिटाळा, आपला हजर!"

तिने आणलेल्या नव्या कॉम्प्युटरला मोठ्या-छोट्या अक्षरांतला फरकच कळत नव्हता. आपल्या बाराखडीला तरी कुठे कळतो? त्याने धाकटा काढला आणि थेट थोरल्याच्याच जागी नेऊन बसवला. जुना कॉम्प्युटर तर तिने स्वतःच्या हाताने पुसून देऊन टाकला होता.

तिने दादाची चाकांची खुर्ची टेबलाशी ओढली. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्याच्याकडे एकच शब्द उरला होता. लिहायला गेला तर रेघोट्या उमटायच्या, आणि मानही होकारालाच हलायची.

"दादा, पंप इथे थांबतो, ते तूच ठेवलंयस ना? हवेचा बुडबुडा तपासायला?"

"हो."

"की चुकून राहिलंय? काढून टाकू?"

"हो."

तिला रडूच फुटलं. "अरे, दोन्हीला हो कसं चालेल? एखादं बाळ जाईल रे माझ्या हातून!"

"हो," तो म्हणाला. त्याचेही डोळे भरले. त्याला सगळं कळत होतं, अडत होतं ते फक्त बाहेर यायला.

मग त्याने डावा हात पुढे करून माउस धरला आणि फाइल वर नेली, पार पहिल्या ओळीपर्यंत. तिथे त्याने लिहिलेलं असायचं, 'चिमणे, काही बदलण्याआधी हे वाच.' तो खाली आला. पुन्हा वर गेला. मग त्याने वळून तिच्याकडे पाहिलं.

"हो?" त्याने विचारलं.

तिने मान खाली घातली.

"हो," ती म्हणाली.